सोमवारची चावी

सोमवार, २ डिसेंबर १९७४

त्या सकाळी मी परात शोधत होते. साडेपाचला नळ आला, दोन हंडे, कळशी, बादली भरून घेतली. अंगण झाडलं, पाणी मारलं, शेगडी पेटवली, चहा झाला. भाकरीचं पीठ मळायला बसले तर परात जागेवर नाही. हे सोप्यात मांडी घालून बसलेले. पुढ्यात माझी परात, परातीत रॉकेल, आणि रॉकेलात कुणाच्या तरी घड्याळाची सगळी चाकं. मी म्हटलं, आता भाकरी रॉकेलात थापू का? तर मान वर न करता म्हणाले, "थांब की जरा. हे चाक बघ, पितळेचं आहे हे आत्ता कळलं." मी रागानं ताटात पीठ मळलं. पीठ सांडलं, तेही भरलं. हे डबा घेऊन कारखान्यात गेले, संध्याकाळी आले. दुसरं काही घडलं नाही त्या दिवशी. कुठलं साल तेही आठवत नाही.

आज आठवलं, कारण वाचनालयातलं घड्याळ बंद सापडलं.

दर सोमवारी आठला चावी द्यायला जाते. दत्तोबा शिपाई झाडत होता. काटे चार-दहावर, लंबक सरळ लोंबत होता. चावी दिली, लंबक हलवला. पाच मिनिटं चाललं, थांबलं. पुन्हा हलवला, पुन्हा थांबलं.

आठ दिवसांचं घड्याळ आहे. सहा वर्षांपूर्वी वाचनालयाच्या माळ्यावर पडलेलं होतं, आत उंदरानं घर केलेलं. ह्यांनी एक अख्खा पावसाळा त्याच्यावर घालवला. मी आधी दिवा धरला, मग चिमटा धरला, शेवटी निम्मी चाकं मीच बसवली. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. घरातली घड्याळं घरात आहेत, त्यांना कोण विचारतंय. घराबाहेर चालू असलेलं ह्यांचं तेवढं एकच.

बुधवार, ४ डिसें.

वाचनालयाचे चिटणीस काल भेटले तेव्हा म्हणाले, "बंद कुठलं? काल संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत चालू होतं. मी स्वतः रेडिओवर वेळ लावली." मी खोटं बोलतेय असं बघत होते माझ्याकडे. निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली, सवय सुटत नाही. ह्यापुढे वहीत नुसतं चि. लिहीन. चि. म्हणजे चिरंजीव नव्हे.

आज सकाळी मुद्दाम गेले. बंद. पाच वाजून पाच.

दत्तोबा म्हणाला, "वैनी, दुपारचं चालतंय बघा. सायेब काटं फिरिवत्यात, लंबक हलिवत्यात, की झालं चालू."

काटे फिरवतात! टोल होऊ न देता, सरसर. अर्ध्याला थांबायचं, टोल पडू द्यायचा, मग पुढे. पूर्ण तासाला परत थांबायचं. जन्मभर घंटेवर शाळा चालवलेल्या माणसाला हे कळू नये. म्हणून आठला तीन टोल पडत होते.

वर घड्याळ सरळ करून ठेवलंय. ती भिंत वाकडी आहे. आम्ही ते घड्याळ डोळ्यांनी टांगलंच नव्हतं, कानांनी टांगलं होतं. टक आणि टक ह्यांच्यातलं अंतर सारखं ऐकू येईपर्यंत हे हलवत राहिले आणि मी खाली उभी राहून "अजून, अजून" म्हणत होते. डावीकडे बोटभर कललेलं दिसायचं. दिसू दे की. चालत होतं. आता ओळंब्यात आहे आणि लंगडतंय.

मी ते परत कलतं केलं. मग ठोका नीट आला. रोग सापडला असं वाटलं. चि. आले तेव्हा तोंडावर सांगितलं, घड्याळाला हात लावायचा नाही. ते म्हणाले, "बाई, घड्याळ वाचनालयाचं आहे."

शुक्रवार, ६ डिसें.

रोग तो नव्हता. आजही सकाळी बंद. चार-चाळीस.

शनिवार, ७ डिसें.

दुपारी तीनला गेले. शिवणकाम तसंच टाकून. दत्तोबानं शिडी धरली. घड्याळ भिंतीवरच ठेवून काटे काढले, तबकडी काढली, आत पाहिलं. चालू होतं. सगळं फिरत होतं, झकास. एकही दात मोडलेला नाही, स्प्रिंग ठीक.

एक गोष्ट इथं लिहिते, बाहेर कुणाला बोलले नाही. आत तेल जास्त दिसलं. श्रावणात उतरवून साफ केलं ते मीच, तेलही मीच घातलं. सुईच्या टोकावर राहील एवढाच थेंब, एकेका भोकाला एकेक, असं ह्यांनी बजावलं होतं. आणि इथं खालच्या चाकांवर चकचकीत ओलं. म्हणजे माझाच हात सैल झाला? डोळे गेले? फडक्यानं समोरचं टिपून घेतलं आणि तबकडी लावून टाकली. दत्तोबानं विचारलं, काय सापडलं का वैनी? मी म्हटलं, काही नाही.

खोटं बोलले. माझं मला कळलं.

सोमवार, ९ डिसें.

बंद. तीन-पन्नास.

चावी देत होते तेव्हा पेपर वाचायला येणारे दोघे पेन्शनर आत आले. रोजचे आहेत. एक म्हणाला, घड्याळाला पण आता पेन्शन द्या. त्याचं ठीक, विनोद करायचा होता. दुसरा पेपर उलगडत, पेपरलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "चावी कुणाच्या हातची हाय ते बी बघाय पायजे की. सवाष्णीच्या हातची गोष्ट येगळी."

मी शिडीवर होते. हातात चावी. खाली उतरून त्याच्या पेपरवर ती आपटावी असं वाटलं. नाही आपटली. वळसे पुरे करायला लागले. चौदा मोजताना बारावर विसरले.

घरी येऊन शिवण काही झालं नाही. मशीनची सुई दोनदा तुटली.

चारला परत गेले. चि. काटे फिरवत होते. सरसर. मी सांगून पाचच दिवस झाले होते. मग मात्र माझा तोल गेला. दाराशी दोरीला बांधलेली सूचना वही आहे तिच्यात लिहिलं. पेन्सिलीनं नाही, शाईनं. पाठ झालंय मला ते:

"वाचनालयाच्या घड्याळात कोणीतरी हात घालीत आहे. ज्याने घातला असेल त्यास, मग तो कोणीही असो, वाचनालयातून काढून टाकावे."

खाली सही. 'मग तो कोणीही असो' लिहिताना त्यांच्याकडे बघून लिहिलं. शुद्धलेखनही तपासून पाहिलं. तिसरी इयत्ता शिकलेल्या बाईची सूचना आहे, एक काना चुकला तर हेडमास्तरांना तेवढंच मिळेल.

बरं वाटलं.

मंगळवार, १० डिसें.

चि.नी सूचना वाचली. दोन वेळा. चष्मा पुसून तिसऱ्यांदा. म्हणाले, सूचना रास्त आहे, येत्या २२ला कार्यकारिणीची सभा आहे, तीत मांडतो. एवढं गोड कधी बोलत नाहीत.

मग कळलं. दत्तोबानं सांगितलं. महाद्वार रोडचा एक दुकानदार सेलवर चालणारं नवं घड्याळ द्यायला तयार आहे, हे जुनं त्याला द्यायचं. त्याला यंत्राशी काही देणंघेणं नाही. त्याला सागवानी पेटी पाहिजे, आरसा बसवायला. २२च्या सभेत तेही ठरणार. घड्याळ बिघडलेलं आहे असं ठरलं की झालं.

दत्तोबा म्हणाला, "न्ह्यायचं म्हंत्यात वैनी. मला न्हाई पटलं." त्याचं कोण ऐकतंय. साठी उलटली त्याची, मेहेरबानीवर ठेवलाय. वाचनालयाच्या मागच्या खोलीत तो आणि लग्नाची मुलगी राहतात.

बारा दिवस आहेत.

शुक्रवार, १३ डिसें.

रोज सकाळी बंद. रोज दुपारी चालू. माझं आणि बाकीच्यांचं घड्याळ जणू वेगवेगळं.

पुस्तक बदललं. दाखल क्रमांक ११४०, मधमाशांवर. मी क्रमांकानं वाचते हे चि.ना फार हसायला येतं. सुरुवात केली तेव्हा कुठलं पुस्तक चांगलं हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून एकपासून धरलं. कुणी हसलं म्हणून ११४० मागे जात नाहीत.

आज ह्यांच्यावर राग आला. असा येतो अधूनमधून, येऊ देते. घड्याळाच्या मागच्या पाटीवर ह्यांनी दाभणानं स्वतःच्या नावाचं अक्षर आणि साल कोरून ठेवलंय. दुरुस्ती करणारे कोरतातच, जुन्या घड्याळांत चार-चार जणांची अक्षरं असतात. पण त्या पावसाळ्यात बोटं कुणाची काळी झाली होती? टोलाचं चाक तीनदा चुकीचं बसवलं ते ह्यांनी, चौथ्यांदा बरोबर बसवलं ते मी. तेव्हा काही बोलले नाही. कौतुकानं कोरलेलं बघत बसले. आता बोलायचं तर ऐकायला कुठे आहेत. मेलेल्या माणसाशी भांडणात आपणच हरतो.

रात्रीची भाकरी एकच केली. रोज एकच करते. आज मोजली गेली.

सोमवार, १६ डिसें.

सापडलं.

थंडी कडक पडलीय. पहाटे उठून केस विंचरायला बसले, खोबरेलाची बाटली उपडी केली तर थेंब पडेना. गोठलेलं, पांढरं, दगड. दर थंडीत होतं. शेगडीजवळ ठेवली, फणी हातात घेऊन वाट बघत बसले. कडेनं जरा सुटलं, मधे गोळा तसाच. आणि बसल्याजागी घड्याळ आठवलं. सकाळी गोठतं. दुपारी पातळ.

केस तसेच बांधले आणि निघाले. सातला पोचले. दत्तोबा नुकता दार उघडत होता. शिडी मीच ओढली. घड्याळ बंद, चार-वीस. तबकडी काढली. चाकांच्या टोकांना पांढरी साय. डालड्यासारखी. सुईनं खरवडून बोटावर घेतली, बोटावर तिचं पाणी झालं. वास घेतला. खवट खोबरेल.

घड्याळाला घड्याळाचंच तेल लागतं. ती इवलीशी बाटली माझ्याकडे आहे, ह्यांच्या वेळची, अजून पाव शिल्लक. मी श्रावणात तेच घातलं. माझा हात सैल नव्हता. नऊ दिवस मी स्वतःला चोर समजत होते.

लंबक काढला. त्याच्या गोल चकतीच्या पाठीला, भिंतीकडच्या बाजूला, कुंकवाचं बोट. कुणाला दिसू नये असं.

वळून बघितलं तर दत्तोबा खाली झाडू घेऊन उभा. झाडत नव्हता.

मी विचारलं, "खंडेनवमीला?"

तो म्हणाला, "व्हय वैनी."

पुढचं उद्या लिहीन.

मंगळवार, १७ डिसें.

काल मी त्याला काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. तरी लिहिते. अडाणी म्हटलं. म्हटलं, तुझ्या अकलेला गंज चढलाय तिथं घाल खोबरेल. वयानं माझ्यापेक्षा मोठा माणूस, त्याला वाटेल तसं बोलले. तो सगळं ऐकून घेत होता. मुलगी मागच्या दारात येऊन उभी राहिली, तिच्यादेखत.

मग तो म्हणाला ते असं. दसऱ्याच्या आधी मी वाचनालयात कुरकुरले होते, की यंदाही औजारांची पूजा नाही व्हायची. ते खरं. खंडेनवमीला हातकणंगल्याहून वन्सं आल्या होत्या. मी शिवणाचं मशीन पुसलं, ह्यांचे पेचकस, चिमटे, कानशी फडक्यावर मांडल्या, हळदीकुंकवाची वाटी घेतली. ह्यांची सख्खी बहीण, दारातून म्हणाली, "तू गं कशाला? तुझ्या हातचं कुंकू औजारांना चालतंय व्हय?" मी वाटी ठेवली. औजारं गुंडाळून ठेवली. तीन वर्षं हेच चाललंय, दरवर्षी काढते आणि दरवर्षी ठेवते.

दत्तोबा म्हणाला, "तुमची पूजा ऱ्हायली म्हणून मी केली वैनी. घड्याळ तुमचंच की. ह्या हातानं केली तर कोण न्हाई म्हंतंय. कोंबडीचं पीस घेतलं, पेटीच्या खालल्या दारातनं जेवढं पोचंल तेवढं तेल लावलं. दिव्याचं न्हवं बरं का, चांगलं, पोरीच्या केसास्नी आणलेलं."

शेतातल्या इंजिनाला तेल देतात तसं. माणूस देवाला वाहतो तसं. चांगल्यातलं चांगलं.

मला रागवायला जागाच ठेवली नाही त्यानं. त्याचाच जास्त राग येतो. मी वाटी खाली का ठेवली? वन्सं काय हात धरणार होत्या? मी पूजा केली असती तर फुलं वाहिली असती, घड्याळाला लांबून नमस्कार केला असता, आणि कुणाच्या पोरीचं खोबरेल चाकांत गेलं नसतं.

बुधवार, १८ डिसें.

सूचना वही. आज ध्यानात आलं. दोन दिवस सुचलं नव्हतं, काजं करताना सुचलं आणि बोटात सुई गेली.

'मग तो कोणीही असो.'

लगेच गेले, पान फाडून आणायला. वही दोरीवर नव्हती. चि.च्या कपाटात, कुलुपात. म्हणाले, सभेपर्यंत जपून ठेवलीय. मी म्हटलं, मला सूचना मागे घ्यायची आहे. "का बाई? कोणी हात घातला नव्हता का?" हसून विचारलं.

घातला नव्हता म्हणावं तर दोष यंत्राचा, घड्याळ जाणार. घातला होता म्हणावं तर कोणी ते सांगावं लागणार. आणि ज्याला मारायला ती ओळ लिहिली तो समोर बसून चहा पितोय.

दत्तोबानं वही वाचलेली नाही. त्याला वाचता येत नाही. त्याला कुणी सांगितलंही नाही. मीही नाही सांगितलं.

शुक्रवार, २० डिसें.

राधानगरीहून लेकीचं कार्ड. भाताची मळणी झाली, जावयांची म्हैस व्याली, चीक पाठवायचा होता पण पोचेपर्यंत नासेल. 'आई, तिथं एकटी काय करतेस, ती घड्याळं कुणाला तरी देऊन टाक.' बरी आहे ती. तिच्यावर राग नाही. पण 'देऊन टाक' हे शब्द सगळ्यांना इतके सोपे कसे जातात?

दत्तोबाला आज सूचना वाचून दाखवली. म्हणजे तोंडपाठ म्हणून दाखवली. त्याला ठाऊक असायला हवं असं वाटलं. तो ऐकत होता. शेवटी एवढंच विचारलं, "हे तुमी कवा लिव्हलं?" म्हटलं, नऊ तारखेला. "मग तवा तुमास्नी म्हाईत न्हवतं." नव्हतं म्हटलं. "मग झालं तर."

झालं तर काय? काय झालं? मला असं समजून घेतलेलं नको आहे. भांड की माझ्याशी. परत येताना राजारामपुरीच्या चौकात एक रिक्षावाला अंगावर आला, त्याच्याशी भांडले. तो दचकला.

रविवार, २२ डिसें.

सभा सकाळी नऊला. सभेला दाखवायचं म्हणून चाकं अजून धुतली नव्हती. मी सहाला जाऊन शिडीवर चढून, चाकांवरची पांढरी साय खरवडून कागदाच्या पुडीत घेतली, पुडी गार राहावी म्हणून माठाच्या बुडाशी ठेवली. दत्तोबानं दार उघडलं, शिडी धरली.

सहा पुरुष आणि मी. मला बसायला बाक, त्यांना खुर्च्या. अध्यक्ष वकील आहेत, एरवी सभेत कोर्टाचे कागद वाचत बसतात. चि.नी आधी दुकानदाराचं नवं घड्याळ टेबलावर मांडलं. पांढरं, प्लॅस्टिकचं. चालताना आवाजच करत नाही. चालू आहे का बंद हे बघायला सारखं वर बघावं लागणार. मग म्हणाले, जुनं रोज बंद पडतं, भरपूर प्रयत्न झाले, यंत्र दमलेलं आहे.

मी उठले. अध्यक्षांना म्हटलं, हात पुढे करा. ते गोंधळले, पण केला. पुडीतली साय त्यांच्या तळहातावर ठेवली. सगळे बघत होते. बघता बघता पाणी झालं.

"वास घ्या."

"खोबरेल?"

मी म्हटलं, यंत्र दमलेलं नाही. त्यात खोबरेल आहे. रात्री गोठतं, दुपारी सुटतं. रॉकेलानं धुतलं की संपलं. तुम्ही कोणी सकाळी येत नाही आणि मी दुपारी सहसा येत नाही, म्हणून इतके दिवस दोघंही एकमेकांना खोटं ठरवत होतो.

अध्यक्ष पहिल्यांदा मोकळेपणानं हसले. रुमालानं हात पुसला, परत वास घेतला. मला वाटलं सुटलो.

चि.नी कपाटातून वही आणली. उभं राहून वाचली. वर्गात निबंध वाचतात तसं. माझी ओळ, माझी सही. म्हणाले, बाईंचंच म्हणणं आहे, ज्यानं घातलं त्याला काढा. मी सहमत आहे. नाव सांगा.

तेवढ्यात दत्तोबा चहाचं तबक घेऊन आत आला. त्यानं सगळं ऐकलेलं होतं. तबक टेबलावर ठेवलं, हात जोडले, "सायेब, त्ये..."

"दत्तोबा," मी म्हटलं, "चहा गार होतोय. आधी अध्यक्षांना द्या."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा 'द्या' म्हटलं होतं. त्यानं कप उचलला, बशीत चहा सांडला, पण दिला. मग बाकीच्यांना दिला. मला शेवटी.

मी म्हटलं, ओळ माझी आहे, रागात लिहिली. नाव मला माहीत आहे. सांगणार नाही.

चि. म्हणाले, "हा पोरखेळ नाही."

मी म्हटलं, नाहीच. ओळ लिहिली तेव्हा मला वाटलं होतं ते तुम्ही आहात. म्हणून एवढी कडक लिहिली. तुमच्याकरता लिहिलेली शिक्षा दुसऱ्याला देणार नाही.

कुणीतरी बशीवर कप ठेवला. चि.चे कान लाल झाले. मला वाटत होतं तेवढं समाधान वाटलं नाही.

अध्यक्ष कागद आवरत म्हणाले, वेळ झाला, पुढच्या रविवारी पुन्हा बसू. तोवर बाईंनी घड्याळ साफ करावं, पण इथंच, घरी न्यायचं नाही. रविवारी नाव द्यायचं. नाव नाही आलं तर वाचनालयाच्या वस्तूची नासधूस लपवली असं होतं, मग घड्याळ दुकानदाराकडे. "एकतर नाव, नाहीतर घड्याळ. मला दुसरं काही करता येत नाही, बाई." वाईट माणूस नाही. तेच वाईट.

बाहेर दत्तोबा चपला सरळ करत बसला होता, पाहुण्यांच्या. म्हणाला, "मी जातो की गावाकडं. पोरीला घिऊन. तुमी सांगा नाव."

म्हटलं, तुझं गाव कुठं आहे आता? त्यानं आणखी एक जोड सरळ केला. कोणी नाही त्याचं तिकडे, मला ठाऊक आहे. मग म्हणाला, "घड्याळ न्येलं तर भाऊंचं काय ऱ्हातंय हितं?" भाऊ म्हणजे हे.

"ते तू मला विचारायचं नाहीस," मी म्हणाले, आणि आवाज चढला. घरापर्यंत चालत आले ते रागातच. कुणाच्या रागात ते ठरवता येईना. चि.च्या, वन्संच्या, दत्तोबाच्या, त्या वाटीच्या, की ज्यांनी घड्याळं करायला शिकवली आणि निघून गेले त्यांच्या.

ह्यांनी काय केलं असतं? हसले असते. दत्तोबाला तंबाखू दिली असती. चि.शी गोड बोलून सगळं मिटवलं असतं. मला ते जमत नाही. मला चाकं बसवता येतात.

सोमवार, २३ डिसें.

सातला गेले. दत्तोबानं शिडी धरली. घड्याळ भिंतीवरून उतरवलं आणि वाचायच्या मोठ्या टेबलावर, दोन्ही पेन्शनरांच्या पुढ्यात, पेपर बाजूला सारून ठेवलं. लंबकाच्या पाठीचं कुंकू तसंच ठेवलं. यंत्र बाहेर काढलं, स्प्रिंगा उतरवल्या, चाकं सुटी करून धुतली. खराट्याची काडी तासून टोकदार केली आणि एकेक भोक साफ करत बसले. काडी काळी झाली की टोक तासायचं, स्वच्छ येईपर्यंत. दुपारपर्यंत नऊ भोकं झाली. चि. आले, बघून आत गेले. चारला दत्तोबानं चहा आणला. घेतला. नाव रविवारीही देणार नाही; घड्याळ जायचंच तर चालतं जाईल.